पाणी मुरतंय

आमच्या ह्यांना अख्खं विद्यापीठ 'मुरूदे' म्हणून ओळखतं. खरं नाव कार्यालयातल्या एखाद्या कपाटात असेल, ते वापरायची वेळ कुणावर येत नाही. कुणी झाडाच्या बुंध्याशी नळी धरून भसाभसा पाणी सोडायला लागला की हे लांबूनच ओरडणार, "अरे, मुरू दे! आधीचं मुरू दे, मग पुढचं घाल!" चहा उकळला की मुरू दे. कुणाचं भांडण झालं की मुरू दे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी रागानं पिशवी भरून माहेरी निघाले होते, तेव्हा दारात उभे राहून म्हणतात कसे, "मुरू दे ना जरा." मी ती पिशवी त्यांच्या अंगावर भिरकावली होती. तेव्हा मला फार हसू आलं होतं. आता त्या शब्दाचं नाव काढलं तरी माझ्या मस्तकात तिडीक जाते.

हे तिथले मुख्य माळी. मी वसतिगृहांची धुलाई बघते, म्हणजे पोरापोरींच्या चादरी, उशांचे अभ्रे, पडदे. राहायला पाण्याच्या टाकीमागची दोन खोल्यांची जागा. आमच्याकडे पाऊस म्हणजे पाहुणा, आला तर आला, नाहीतर कळवतही नाही. जमीन उन्हानं भाजून निघालेली, दुपारी अनवाणी दोन पावलं चालून दाखवा. अशा ठिकाणी ह्यांनी मुख्य इमारतीपुढं लॉन केलं होतं. केवढा तो तोरा! लॉनवर कुणी पाय ठेवला की शिट्टी मारायचे. गुडघ्यावर बसून कडा कात्रीनं कापायचे, न्हाव्यासारख्या. मी म्हणायचे, "माझ्या केसांकडे कधी इतकं बघितलंत का हो?" तर म्हणायचे, "तुझे केस आपोआप वाढतात."

मग वनस्पतिशास्त्राच्या बाई आल्या. उंच, सडपातळ, उन्हात टोपी न घालता हिंडणाऱ्या. त्यांनी सरळ सांगितलं, "हे लॉन म्हणजे आजाऱ्याला सलाईनवर ठेवल्यासारखं आहे. नळी काढली की संपलं." हे दोन दिवस जेवले नाहीत. मला म्हणाले, "काल आलेली बाई मला बागकाम शिकवते!" पण बाई पिच्छा सोडणाऱ्यातल्या नव्हत्या. ग्रंथालयामागं एक उतार होता, नुसता दगड, काटे आणि पोरांनी फेकलेल्या बाटल्या. त्या म्हणाल्या, "तुमचं लॉन तुम्हाला लखलाभ. मला फक्त हा उतार द्या आणि तुमची दोन माणसं द्या." ह्यांनी माणसं दिली, आणि मग राहवेना म्हणून स्वतःच जाऊन बसायला लागले. आधी चुका काढायला, मग कुदळ घेऊन.

उतारावर त्यांनी आडवे चर खणले, म्हणजे वरून येणारं पाणी पळून न जाता जागच्या जागी थांबेल. चरांच्या खालच्या अंगाला इथल्याच मातीत वाढणारी झाडं लावली, कमी पाण्यावर तग धरणारी. पूर्वी झाडांखालचा पाचोळा गोळा करून जाळायचे, तो आता आळ्यांत पसरायला लागले. जमीन झाकलेली राहते, ओल उडून जात नाही. हे सगळं बाईंचं डोकं. ह्यांनी त्यात स्वतःचं काय घातलं म्हणाल तर जीव घातला. आणि बढाई. गावभर सांगत सुटायचे, जसा काही उतार ह्यांनीच जन्माला घातला.

त्यात माझंही आलं. बाई एक दिवस धुलाईखोलीत आल्या, गटाराला जाणारा मोठा पाइप बघितला आणि म्हणाल्या, "हे एवढं पाणी रोज कुठं जातं?" मी म्हटलं, "जातं मेलं, आपल्याला काय त्याचं." त्यांनी ते उताराकडे वळवायचं ठरवलं. ह्यांना तर घाईच फार. बाई चार दिवस परगावी गेल्या तर ह्यांनी पाइप तोडून पाणी सरळ रोपांना सोडलं. सगळी रोपं करपली. घरी येऊन माझ्यावर खेकसले, "तुझ्या साबणानं मारलं माझ्या पोरांना!" मी म्हटलं, "साबण माझा, पण अक्कल कुणाची?" त्या दिवशी शेजारच्यांनी रेडिओ बंद करून आमचं भांडण ऐकलं.

बाई परत आल्यावर वाळू-खडीचा गाळणीखड्डा केला, कडेनं कर्दळ लावली, आणि मला तो वासाचा निळा चुरा सोडून साधा साबण वापरायला लावला. पोरी कुरकुरल्या, चादरींना पूर्वीसारखा वास येत नाही म्हणून. मी त्यांना हाताला धरून उतारावर न्यायचे आणि म्हणायचे, "हा घ्या तुमचा वास." कारण तोवर तिथं सावली झाली होती. पोरं परीक्षेच्या आधी तिथं पाठांतर करत हिंडायची. माझ्या चादरींचं पाणी त्या झाडांत आहे, हे मला कुणालाही सांगावंसं वाटायचं. आयुष्यभर लोकांचा मळ धुतला, पण मळाचं असं काही होईल असं वाटलं नव्हतं.

हे लॉनवरून मन काढून बसले. बाई निवृत्त होऊन लेकीकडे परदेशी गेल्या, पण जाताना म्हणाल्या, "मुरूदे, हळूहळू अख्खा परिसर असा करा. लॉन आपोआप संपेल." ह्यांच्या डोक्यात तेच भरलं. निवृत्तीच्या आत अख्खं विद्यापीठ उतारासारखं करायचं, टँकर बंद करायचे. दुसरं मागणं नव्हतं.

आता माझ्या भावाचं सांगते. नाइलाज आहे, त्याच्याशिवाय पुढचं सांगताच येत नाही.

तो माझा धाकटा. आई गेली तेव्हा शाळेत होता. मी त्याला घेऊन आले आणि ह्यांनी एका शब्दानं विचारलं नाही की किती दिवस. उलट स्वतःची खाट त्याला दिली आणि स्वतः खाली झोपायला लागले. सायकल शिकवली ह्यांनी, दाढी करायला शिकवली ह्यांनी. परीक्षेत नापास झाला तेव्हा मी लाटणं उगारलं, तर हे मध्ये. "मुरू दे गं, पुढच्या वर्षी होईल." आमच्या पदरी मूल नाही, त्यामुळे काय, सगळी माया त्याच्यावरच सांडली. पुढं ह्यांनीच मालमत्ता विभागाच्या साहेबांचे उंबरे झिजवून त्याला तिथं चिकटवलं. टँकर आले की कुठं रिकामे करायचे, हे बघायचं काम त्याच्याकडं आलं. हुशार होता. बोलायला गोड. मला 'ताई' म्हणून हाक मारली की माझा निम्मा राग तिथंच विरघळायचा.

गेल्या वर्षी त्यानं गावाबाहेर घर बांधायला काढलं. मला दाखवायला घेऊन गेला. भिंतींना गोणपाटं गुंडाळलेली, चिंब ओली. स्लॅबवर सिमेंटचे छोटे छोटे बांध घालून तळं केलेलं, घोटाभर पाणी. गावात लोक घागरीसाठी रांगा लावत होते तेव्हा. आणि मी काय म्हणाले असेन? "बाई बाई, किती काळजी घेतोस रे घराची!" तो म्हणाला, "वरची खोली तुमची, ताई. भाऊजी निवृत्त झाले की सरळ इकडे यायचं." मी घरी येऊन ह्यांना सांगताना रडले. हे मात्र गप्प बसले होते. मला वाटलं, भारावले असतील.

इकडे लॉन वाळायला लागलं. टँकर रोज येताना दिसायचे, तरी वाळायला लागलं. ह्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं, ह्यांचं लक्ष उताराकडे. पण नवे कुलसचिव आले होते, बाहेरून आलेले, कडक, कुणावर विश्वास न ठेवणारे. खिडकीतून त्यांना रोज तो पिवळा पट्टा दिसायचा. त्यांनी बैठक लावली. विषय दोन. परिसराचं पाणी जातं कुठं, आणि पुढं परिसर ठेवायचा कसा. ह्यांना वाटलं, आली आपली वेळ. धुतलेला सदरा घातला, आरशापुढं भाषण म्हणून बघितलं. धुलाईच्या पाण्याबद्दल सांगायला मलाही बोलावलं होतं. माझी पाळी नंतर, म्हणून मी बाहेर बाकावर बसले. आतला पंखा बंद पडला होता, म्हणून दार सताड उघडं होतं. सगळं ऐकू येत होतं.

कुलसचिवांनी पहिलाच प्रश्न ह्यांना टाकला. "मुख्य माळी तुम्ही. टँकर येतात आणि समोरचं लॉन वाळतं. मग पाणी जातं कुठं?"

हे उभे राहिले. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती, पण पाठीवरूनसुद्धा कळत होतं की छाती फुगलीय. म्हणाले, "साहेब, पाणी मुरतंय."

आत कुणाचा तरी कप बशीवर वाजला.

"काय म्हणालात?"

"पाणी मुरतंय साहेब! तिकडं ग्रंथालयामागं. कुणालाही विचारा."

"आणि तुम्हाला हे माहीत आहे?"

"माहीत म्हणजे काय? मीच मुरवतो!"

मला बाहेर हसू फुटलं. तोंडावर हात दाबून बसले. म्हटलं, अहो कपाळ माझं, काय बोलताय! आता सगळे हसतील, मग ह्यांना कळेल, मग हेही हसतील. पण आत कुणी हसेना.

"कधीपासून चाललंय हे?"

"बाई होत्या तेव्हापासून. त्यांनीच तर शिकवलं मला."

"आणखी कोणकोण आहे यात?"

"माझी सगळी माणसं आहेत साहेब, मीच तयार केलेली. आमची बायकोसुद्धा आहे. तिच्याकडून तर रोज येतं."

माझं हसू घशातच राहिलं. मी उठले. पण आत माझा भाऊ बसला होता ना. मालमत्ता विभागातर्फे, कुलसचिवांच्या उजव्या हाताला. तो सांगेल. याच घरात वाढलेला, रोज जेवताना 'मुरू दे, मुरू दे' ऐकत मोठा झालेला. त्याच्याइतकं त्या खोलीत कुणाला ठाऊक असणार की ह्यांच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ काय? म्हणून मी तिथंच थबकले. वाट बघत उभी राहिले.

कुलसचिव त्याच्याकडे वळले. "टँकर तुम्ही बघता. हे म्हणतात ते खरं आहे?"

त्यानं टेबलावरचं पेन सरळ केलं. मग म्हणाला, "हो साहेब. पाणी मुरतंय. हे म्हणाले ते खरं आहे."

ह्यांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान खाली गेली. कुलसचिवांनी विचारलं, "तुम्हाला आणखी काही सांगायचंय?" हे म्हणाले, "नाही साहेब." एवढा बडबड्या माणूस, ज्याला गप्प करायला मला भांडी आपटावी लागतात, तो म्हणाला, नाही साहेब.

मी दारात जाऊन ओरडले, "अहो साहेब, तसं नव्हे ते! झाडांना—" शिपायानं हात आडवा केला. "बाई, तुमची पाळी नंतर." आणि माझा भाऊ उठला. मला वाटलं, माझ्याकडे येतोय. तो दारापर्यंत आला, माझ्याकडे न बघता दार लावून घेतलं. आतून त्याचा आवाज आला, "बाहेरचा फार आवाज येतोय, साहेब." पंखा बंद, तरी दार लावलं.

माझी पाळी आलीच नाही.

संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं. मुरूदेनं पाणी मुरवलं, हा विनोद कँटीनमध्ये गेला, वसतिगृहात गेला. शिपाईसुद्धा हसत होते. ह्यांना बागेवरून काढून सामानाच्या गुदामात बसवलं, चौकशी होईपर्यंत. उतारावरचे चर बुजवून तिथं लॉन आणि कारंजं करायचं ठरलं. आणि परिसराचा सगळा कारभार कुणाकडे दिला? माझ्या भावाकडे. धुलाईखोलीतल्या बायका माझ्यासमोर बोलेनाशा झाल्या. एक तर म्हणाली, "तुमचं बरं आहे बाई, नवरा-बायको दोघंही कामाचे." मी ओला पडदा तिच्या पायाशी आपटला. चोर! मी! जिनं पोरींच्या चादरीत सापडलेलं कानातलंसुद्धा खोली शोधत जाऊन परत दिलं!

मी ह्यांच्या मागं लागले. "चला माझ्याबरोबर. साहेबांना एक वाक्य सांगा. अहो, एका शब्दाचा तर घोटाळा आहे! त्यांनाही हसू येईल." हे कूस बदलायचे. "मुरू दे." मी म्हणायचे, "माणूस आहात का दगड? चर बुजवणार आहेत तुमचे!" तर, "मुरू दे गं." मला वाटलं, मोडून पडलेत. मला त्यांची इतकी कीव यायची. ताटात वाढलेलं तसंच राहायचं. गुदामातून आले की हात बघत बसायचे, मातीचे डाग गेले होते हातांवरचे. भावाबद्दलसुद्धा मी स्वतःला समजावत होते. घाबरला असेल. साहेबांपुढं जीभ अडखळली असेल. येईल, माफी मागेल.

आला तो. सकाळी, अंघोळ करून, नीटनेटका. चहासुद्धा घेतला नाही. म्हणाला, "ताई, भाऊजींकडची व्हॉल्व्हची चावी हवीय. आज उताराकडचा पाइप बंद करायचाय. उद्या जेसीबी येतोय."

ती चावी म्हणजे हातभर लांबीचा लोखंडी दांडा. हे उठले, खिळ्यावरून काढली, तेलाच्या फडक्यानं पुसली आणि त्याच्या हातात दिली. पुसून दिली हो! तिथं माझा तोल गेला.

"लाज नाही वाटत?" मी म्हटलं. "एक वाक्य बोलायचं होतं तुला. एक!"

"ताई, मी खोटं बोललो का?" तो म्हणाला. "पाणी मुरतंय की नाही? मुरतंय. तेवढंच म्हणालो."

"अरे हरामखोरा, साहेबांना काय वाटलं ते तुला कळलं नाही?"

"कळलं ना." त्यानं चावी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मग काय करायला हवं होतं? ते माझंच नाव विचारत होते, ताई. टँकर कुठं जातात म्हणून. एकदा माझ्या घराकडं वळवला, स्लॅबला पाणी मारायला. मग रोज लागायला लागलं. मला आत टाकलं असतं."

ती ओली गोणपाटं. ते स्लॅबवरचं तळं. आणि मी, बाई बाई किती काळजी घेतोस.

"म्हणजे तुझं पाप ह्यांच्या माथी?"

तेव्हा तो चिडला. "भाऊजींना विचार! त्यांना तिथंच कळलं होतं सगळं. मी काही त्यांचं तोंड धरलं नव्हतं. साहेबांनी विचारलं ना, आणखी काही सांगायचंय का? मग? तू कशाला एवढा कांगावा करतेस!" आणि निघून गेला, चावी खांद्यावर टाकून.

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे तेलाच्या फडक्याची घडी घालत होते.

"खरं आहे?"

ह्यांनी घातलेली घडी पुन्हा उलगडली.

"मी विचारतेय, खरं आहे? कळलं होतं तुम्हाला?"

"त्याचा चेहरा बघितला," हे म्हणाले. "नापास झाला होता तेव्हा जसा झाला होता ना, तसा. मला तर आधीच शंका होती, तू ते स्लॅबचं सांगितलंस तेव्हापासून. माझी नोकरी तरी किती राहिलीय? त्याचं सगळं व्हायचंय. तुझाच भाऊ ना."

"आणि मी?"

"तुझं काय?"

तुझं काय! बघा, एवढं आयुष्य काढलं ह्या माणसाबरोबर आणि शेवटी माझ्या वाट्याला हे आलं. "माझं नाव घेतलंत तुम्ही तिथं," मी म्हटलं. "बायकोसुद्धा आहे म्हणालात. तेव्हा तुम्हाला कळलं नव्हतं, मान्य. पण कळल्यावर? कळल्यावर माझं नाव तरी काढून घ्यायचं! मला चोर ठरवून तुम्ही त्याला वाचवलंत, आणि घरी येऊन मला समजूत घालू दिलीत. मी तुमची कीव करत होते हो! ताट झाकून ठेवत होते!"

"मुरू दे," हे म्हणाले.

भावानं दगा दिला, तो मी एक वेळ गिळला असता. लहान आहे, भित्रा आहे, मीच लाडावून ठेवलाय. पण ह्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. माझी अब्रू, माझं पाणी, मी लोकांना हाताला धरून दाखवलेला उतार, सगळं परस्पर देऊन टाकलं. आणि वर मोठेपणा, तुझाच भाऊ ना.

दुसऱ्या दिवशी मी फाटकाशी उभी राहिले. उताराकडे जेसीबीचा घरघराट सुरू झाला होता. कुलसचिवांची गाडी आली तशी मी तिला आडवी गेले. पहारेकरी धावला. साहेबांनी काच खाली केली, मला ओळखलं. "बाई, चौकशी चालू आहे. जे सांगायचं ते लेखी द्या."

मी म्हटलं, "साहेब, पाणी कुठं मुरतंय ते मला माहीत आहे. खरोखरचं. दाखवते, चला."

मी गाडीत बसले. वाटेत एकदा तोंडाशी आलं, की साहेब, परत फिरवा. त्याला मी केसांना तेल लावून शाळेत पाठवायचे ते आठवत होतं. पण जिभेनं नुसतं, इथून डावीकडे, इथून सरळ, एवढंच सांगितलं. घराशी टँकर उभाच होता, विद्यापीठाची पाटी लावलेला. साहेब शिडीनं स्लॅबवर चढले. पँटचे पाय वर करून घोटाभर पाण्यात उभे राहिले. खाली आल्यावर विचारलं, "मग तुमचे यजमान जे म्हणाले, मुरतंय...?"

"ते खरंच मुरतं साहेब. झाडांना."

त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. हसले. आधी हळू, मग जोरात. मला काही हसू आलं नाही.

जेसीबी थांबला तोवर वरचे चर बुजले होते, खालचे वाचले. ह्यांना परत बोलावलं. तिथं ह्यांनी काय करावं? साहेबांसमोर म्हणाले, "टँकर मीच पाठवत होतो त्याच्या घराकडं. त्याचा दोष नाही." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "खोटं बोलतात." भरल्या खोलीत नवऱ्याला खोटारडा म्हटलं. टँकर माझा भाऊच वळवायचा, असं टँकरवाल्यानंही सांगितलं, म्हणून ह्यांची नोकरी वाचली. भावाची गेली. साहेबांनी पोलिसांपर्यंत नेलं नाही, एवढा उपकार केला. घर अर्धवट राहिलंय, स्लॅब कोरडा ठणठणीत.

उतार आता ठीक आहे. वरचे चर ह्यांनी पुन्हा खणले. टँकर कमी झाले, लॉनचा निम्मा तुकडा काढून तिथंही झाडं लावलीत. माझ्या चादरींचं पाणी पुन्हा तिकडं जातं. धुलाईच्या बायका पुन्हा बोलतात, जरा जास्तच गोड. हे दिवसभर माणसांवर ओरडत असतात, हसत असतात, नव्या पोरांना बढाया सांगत असतात. मी खिडकीतून ऐकते.

घरी आले की गप्प. मीठ दे. दार लाव. एवढंच. शेजारणीला म्हणाले म्हणे, सख्ख्या भावाला हातानं धरून दिलं तिनं, अशा बाईशी काय बोलायचं. सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन त्याच्याकडे जातात. मी न बोलता दोघांपुरतं भरते. डबा धुऊन परत येतो, म्हणजे तो माझ्या हातचं खातो. पण 'ताई' म्हणून निरोप नाही.

परवा माझ्याच्यानं राहवलं नाही. जेवताना म्हटलं, "अहो, किती दिवस असं चालायचं? बोला की काहीतरी. शिव्या द्या हवं तर."

हे ताटाकडे बघतच म्हणाले, "मुरू दे."

मी ताट उचललं आणि विसळायला गेले.